कोपरा फाडलेलं कार्ड

सरांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही औषधाचं कंपनीने ठेवलेलं नाव उच्चारलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तितक्याच निष्ठेने. त्या मानापोटी घेत नसत, सर रागापोटी. एकदा मे महिन्यात त्यांचं डोकं ठणकत होतं, म्हणून सीताबर्डीच्या एका दुकानात आम्ही गोळी घ्यायला थांबलो. जी गोळी पोराटोरांना नावाने ठाऊक, ती सरांनी रासायनिक नावाने मागितली. नाव चांगलं हातभर लांब. दुकानदार म्हणाला, "ते नाही आपल्याकडे सायेब." सर म्हणाले, "तुह्या मांगं, दुसऱ्या फळीवर हाय." त्याने वळून पाहिलं, गोळी काढली आणि तिचं बाजारातलं नाव घेऊन विचारलं, "ही का?" सर म्हणाले, "नाव नको घेऊ. दे फक्त." बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, नाव घेतलं असतं तर गोळी एव्हाना पोटात गेली असती." तर म्हणाले, "डोकं माहं दुखते. त्यायची जाहिरात मी काहून करू?"

मी तेव्हा नागपुरातल्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळत होते. आधी सरांची विद्यार्थिनी होते, मग त्यांच्याच हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर झाले. सर रसायनशास्त्र शिकवायचे. ॲसिडने चाळणी झालेला खादीचा सदरा, खिशात खडू, आणि पायात अशा चपला की चांभारानेही हात जोडावेत. परीक्षकांसमोर ते अस्सल नागपुरी बोलत आणि शिपायाशी शुद्ध पुस्तकी. विचारलं तर सांगत, "परीक्षक माह्याच बरोबरीचा हाय, त्याच्याशी मी घरच्यासारखा बोलतो. शिपायाले मात्र अहो म्हननारं इथं कोनी नाही." मे महिन्यात सगळं महाविद्यालय वाळ्याच्या ताट्यांमागे लपलेलं असे, तेव्हा सर प्रयोगशाळेत फिनॉलची बाटली हलवून पाहत. एरवी ते गोठलेलं असतं, गरम पाण्यात ठेवून पातळ करावं लागतं. आमच्या उन्हाळ्यात ते आपोआप वितळे. सरांना त्याचा असा अभिमान वाटे की जणू सूर्य विभागाच्याच खर्चाने तापला आहे.

पेटंट हा त्यांचा खरा आजार होता. कलकत्त्याच्या पेटंट कार्यालयातून ते औषधांच्या पेटंटच्या प्रती मागवत. पदरमोड करून मागवत आणि पत्र्याच्या पेट्यांत भरून ठेवत. त्यामागची गोष्ट ते दर वर्षी पहिल्या तासाला सांगत, आणि दर वर्षी तितकेच संतापत. एकोणीसशे साठच्या सुमारास ते मुंबईत एका लहान देशी कारखान्यात होते. तिथे त्यांनी एक विलायती औषध स्वतःच्या नव्या रीतीने तयार केलं. विलायती कंपनीची रीत वेगळी, सरांची वेगळी. पण जुना इंग्रजी अमदानीतला कायदा असा की, कुलूप रीतीला नाही, औषधालाच. कोणत्याही वाटेने तुम्ही तिथे पोचलात तरी दार बंद, तेही सोळा वर्षं. कंपनीने स्वतः ते औषध इथे बनवलं नाही, आणून विकलं आणि मागेल तो भाव घेतला. सरांच्या मालकाला वकिलाची नोटीस आली. मालक घाबरला. तयार झालेला सगळा माल सरांच्या देखत मोरीत ओतला.

"खिचडीवर कोनाचा हक्क नसते, गा," सर वर्गात फळ्यावर हात आपटून म्हणत. "तू नवी रीत काढली, चार वर्सं ती रीत तुही. मान्य. पन दुसऱ्यानं त्याच्या चुलीवर खिचडी शिजवली तर त्याची चूल इझवतो म्हनते. हे शास्त्र हाय का दरोडा?"

मुलं हसत. मीही विद्यार्थिनी असताना हसले आहे. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. सर विनोद करत नव्हते.

पुढे सत्तर सालचा कायदा आला आणि लागू झाला. औषधावरचं कुलूप गेलं. पेटंट मिळणार ते फक्त रीतीला, तेही थोडक्या वर्षांसाठी. सरांनी त्या दिवशी विभागात पेढे वाटले. पण त्यात मेख होती. जुन्या कायद्याखाली आधीच मिळालेली पेटंटं आपलं आयुष्य पुरं करूनच मरणार होती. मग सर त्यांच्या मरणाची वाट पाहू लागले. त्यांच्या भिंतीवर एक यादी होती. एखादं पेटंट संपलं की सर ओळखीच्या दहा-वीस लोकांना पोस्टकार्ड टाकत. त्यात कारखानदार असत, जुने विद्यार्थी असत, खेड्यापाड्यांतले डॉक्टर असत. आणि कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी, हे आमच्याकडे पोस्टमनपासून सगळ्यांना कळतं. असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि आंघोळ करून आत यायचं. सरांना यात फार मजा वाटे. मजकूर ठरलेला असे. "लिहिण्यास मुळीच दुःख होत नाही की, अमुक औषधाचे पेटंट वयाच्या सोळाव्या वर्षी वारले. मागे तेच औषध स्वस्तात सुखरूप आहे." ज्यांना जायचं त्यांना ही थट्टा ठाऊक होती. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "सर, हे बरं नाही. एखाद्याचा जीव दचकेल." ते म्हणाले, "दचकू दे. त्यायच्या जिवंतपनी कोनी दचकलं नाही."

माझी मोठी बहीण खापरखेड्याला होती. भाऊजी तिथल्या वीजकेंद्रात फिटर. दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात तुळस, आणि तुळशीवर केंद्राची राख. ताईला छातीत गाठ झाली. नागपुरात ऑपरेशन झालं. ते निभावलं. मग डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, रोज घ्यायची, वर्षानुवर्षं घ्यायची. ही गोळी तेव्हा नवलाची होती. इतर औषधं सगळ्या शरीराला झोडपून काढतात. ही तसं करत नसे. काही गाठी बाईच्या अंगातल्या संप्रेरकावर पोसतात. ते संप्रेरक जिथे जाऊन चिकटतं, नेमकी तीच जागा ही गोळी अडवून बसे. गाठ उपाशी राही. केस जात नाहीत, उलट्यांनी माणूस बेजार होत नाही. अशी गोळी कोणीतरी शोधली याबद्दल मी त्या माणसाला आजही हात जोडीन. पण ती आणणारी कंपनी एक, विकणारा एजंट शहरात एक, आणि भाव असा की भाऊजींचा पगार हातात यायचा तो निम्मा व्हायचा.

तो एजंट सरांचा विद्यार्थी होता. डॉक्टरांना वाटायला त्याच्याकडे फुकट गोळ्या येत. सरांनी एक शब्द टाकला असता तर त्याने ताईसाठी महिन्याच्या गोळ्या सहज दिल्या असत्या. मी सरांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा काही मागायला गेले.

सर म्हणाले, "नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, "मी त्याच्यापुढं हात पसरला तर त्याले वाटन का गोळी त्याच्या बापाची हाय. या गोळीच्या पेटंटचे थोडे महिने राह्यले. इंदूरकडचा एक कारखाना तयारी करून राह्यला. मीच त्याले रीत सांगून राह्यलो. थांब थोडी."

"सर, गोळी कोणाच्या बापाची हे ठरेपर्यंत माझी बहीण थांबेल का?"

मी निघून आले. त्यानंतर कितीतरी महिने मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. पिपेट धुतल्यात. बर्नर दुरुस्तीला दिलाय. बस, इतकंच. स्वतःच्या तत्त्वाची किंमत दुसऱ्याच्या घरातून वसूल करणारा माणूस, अशी मी सरांची जागा मनात ठरवून टाकली होती. माझा राग खोटा नव्हता. आजही मी म्हणेन, सरांनी तो शब्द टाकायला हवा होता. फुकटच्या गोळीने कुठलंही तत्त्व बुडालं नसतं, एक बाई तरंगली असती.

दिवाळीला ताईकडे गेले तेव्हा फळीवर अडकित्ता दिसला. त्या घरात कोणी सुपारी खात नाही. पात्याला पांढरी भुकटी लागलेली. मी ताईकडे पाहिलं, तिने मान फिरवली.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"पोळ्यापासून," ती म्हणाली. "अर्धी सकाळी घेतो न अर्धी दुसऱ्या दिवशी. ह्यायले सांगू नको वं. ते ओव्हरटाईम करून राह्यले."

म्हणजे निम्मीच मात्रा. तिने हे सगळ्यांपासून लपवलं होतं, आणि तिला वाटत होतं आपण संसाराला हातभार लावतोय. मला तिचा राग आला, भाऊजींचा आला, जगातल्या त्या सगळ्या सुटाबुटातल्या माणसांचा आला ज्यांनी बसून हा भाव ठरवला असेल. पण हाताशी होते ते सर. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत शिरले आणि विद्यार्थ्यांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलले. शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली. "तुमी तुमचं पेटंट मरायची वाट पाहून राह्यले न माही बहीन अडकित्त्यानं गोळी कापून राह्यली," असं काहीसं म्हणाले.

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "ते पेटंट मेलं ना, वं. कधीचंच मेलं. इंदूरच्या गोळ्या येऊन आता अडीच महिने झाले. मी तुह्या बहिनीले कार्ड टाकलं होतं."

माझ्या रजेच्या अर्जावर खापरखेड्याचा पत्ता होता, तिथून त्यांनी तो उतरवून घेतला होता. माझ्याशी बोलणं बंद होतं, म्हणून थेट तिलाच कळवलं. कार्डात लिहिलं होतं की गोळी आता पाव किमतीत मिळते, माझ्याकडे ठेवल्या आहेत, कोणालाही पाठवा. उत्तर आलं नाही तेव्हा त्यांना वाटलं, बहिणीसारखा बहिणीलाही आपला राग आलेला आहे. आणि हा मानी माणूस अडीच महिने गोळ्यांचा डबा कपाटात ठेवून वाट पाहत बसला. मीही मानीच. एकाच खोलीत रोज सहा तास आम्ही दोघं वावरत होतो. तिसऱ्या कोणाचा जीव जात असताना दोन शहाण्या माणसांनी अबोला धरावा, याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

ताईला विचारलं तर ती म्हणाली, असं कार्ड आलंच नाही. मी पोस्टखात्याला शिव्या घातल्या आणि विषय सोडला.

खरी चीड पुढेच होती. इंदूरच्या गोळ्या घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डब्याला हातही लावला नाही. "मी ज्या नावाने लिहितो तीच घ्यायची. असल्या गोळ्यांची जबाबदारी माझ्यावर नाही." इस्पितळाच्या खरेदीच्या कागदावरही औषधाचं नाव नव्हतं, कंपनीच्या गोळीचंच नाव होतं. दुसरा कोणी टेंडर भरणार कसं? एजंटानेही दुकानदारांना सांगून ठेवलं होतं की देशी गोळी ठेवाल तर आमचा बाकीचा माल विसरा. सोळा वर्षं संपली होती, कायदा बाजूला झाला होता, तरी दार तसंच बंद. सर म्हणाले, "पेटंट मेलं, पन त्याचं भूत डाक्टरच्या पेनात जाऊन बसलं."

त्यांनी मग पुढचे तीन दिवस तास घेतले नाहीत. दोन्हीकडच्या गोळ्या कुटल्या, औषध वेगळं काढलं, शुद्ध केलं, कोणत्या गोळीत किती आहे ते मोजलं. मग दोन्ही नमुने एकत्र मिसळून वितळवले. ही जुनी, साधी परीक्षा. दोन पदार्थ वेगळे असतील तर त्यांचं मिश्रण आधीच वितळायला लागतं. एकच असतील तर एकाच ठिकाणी वितळतं. मी भिंगातून पाहत होते, सर तापमान वाचत होते. मिश्रण अगदी शेवटपर्यंत तसंच राहिलं आणि जिथे वितळायचं तिथेच वितळलं. सरांनी आकडा वहीत लिहिला. मला म्हणाले, "पुन्हा कर." आम्ही पाच वेळा केलं.

तो कागद घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आता माणसांवर प्रयोग करणार का?"

"नाही," सर म्हणाले. "मी गोळ्यायवर केला. मानसावर तुमी करून राह्यले. निम्म्या मात्रेवर बाई किती दिवस जगते हे पाहून राह्यले."

डॉक्टरांनी घंटी वाजवली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

निर्णय ताईने घेतला. आम्ही क्वार्टरमध्ये तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. भाऊजी घाबरले होते, डॉक्टरांच्या शब्दाबाहेर कसं जायचं. ताई म्हणाली, "अर्धी खरी खाऊन पायली. आता पुरी खोटी खाऊन पाहू." सरांनी तिच्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, "खोटी नाही, वं बाई. मी पाच डाव पायलं." पुढे दर महिन्याला सर स्वतः बसने खापरखेड्याला जात. कोळशाच्या ट्रकांच्या मागे धूळ खात, सदरा काळा करून. शिशी देत, चहा घेत, गोळी पुरी घेतली का विचारत, आणि परत येत. मला कधी सोबत चल म्हणाले नाहीत.

एक वर्ष बरं गेलं. मग पाठ दुखायला लागली. दुखणं हाडात उतरलं होतं. ते अर्ध्या गोळ्यांच्या दिवसांमुळे का नशिबानेच, हे कोणी सांगू शकत नाही. सर रसायनाचे होते, त्यांनी मला खोटा धीर दिला नाही आणि खोटा दोषही दिला नाही. ताई गेली तेव्हा ती चाळीसचीही नव्हती.

तेरवी आटोपल्यावर सर खापरखेड्याला भेटायला आले. मी तिथेच होते. भाऊजी कामावर गेले होते. ताईची सासू ओट्यावर बसलेली. ही बाई कधी शाळेत गेली नाही, पण ताईला तिने लेकीसारखं केलं होतं. ऑपरेशननंतर सहा महिने तिला तांब्याही उचलू दिला नव्हता. सर समोर बसले. मग म्हातारी म्हणाली, "तुमी शिकले-सवरले हा, एक इचारू का, बापा?"

"इचार ना, माय."

"दोनेक सालं झाली, एक कार्ड आलं होतं. कोपरा फाडलेलं. घरी मी न सून दोघीच. ती निजली होती. मले वाचता येत नाही. वाचून घ्याले कोनाच्या घरी जातो तं बोभाटा होते. न आत बिमार मानूस, तिच्या कानावर मरनाची गोष्ट कशी जाऊ देऊ? जो मेला तो मेला, म्हटलं. फाडलं न नालीत टाकलं. डोक्यावरून पानी घेतलं. पोरालेही सांगतलं नाही. पन आता मनात येते, कोनाचं सुतक असन, आपन पाळलं नाही. त्याचंच का हे लागलं?"

मी सरांकडे पाहिलं. ज्या माणसाने डोकं फुटायची वेळ आली तरी दुकानात एक साधं बाजारातलं नाव उच्चारलं नाही, तो आता काय बोलणार हे मला ठाऊक होतं. तो खरं सांगणार होता. मी मध्ये पडायला तोंड उघडलं.

"ते कार्ड माहंच होतं, माय," सर म्हणाले. "माह्या एका दूरच्या काकाचं. पत्ता चुकून तुमच्याकडं आलं. आपल्या नात्यात कोनी नव्हतं. तुले सुतक लागत नाही."

म्हातारीने डोळे पुसले. "मंग फाडलं ते बरं केलं?"

"बरं केलं," सर म्हणाले. "सूनबाईचा जीव जपला. मीही तेच केलं असतं."

तिने आत जाऊन चहा ठेवला. सर तो पुरा प्यायले. बस थांब्यापर्यंत मी त्यांच्या मागून चालत गेले. मला काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. त्यांच्या त्या थट्टेचा मला भयंकर राग आला होता, आणि त्यांचे पाय धरावेसेही वाटत होते. शेवटी मी म्हटलं, "सर, तुम्ही खोटं बोललात."

ते थांबले. "कोपरा मी फाडला," ते म्हणाले. "ते माह्या माथ्यावर हाय, न मरेपर्यंत राहीन. पन त्या म्हातारीनं एक कार्ड फाडलं, वं. तेही मायेनं. ज्यायनं सोळा वर्सं दार लावून ठेवलं, त्यायले कोनी ओट्यावर बसवून इचारलं का, का बाप्पा, तुमाले सुतक लागते का नाही?"

बस आली. ते चढले. मी परत फिरले तेव्हा म्हातारी आंगण झाडत होती. मला पाहून म्हणाली, "देवमानूस आहे, वं. चुकीच्या पत्त्यावर का होईना, पन ओळख झाली."